जुन्या लॅपटॉपला नवे आयुष्य

घरातला जुना लॅपटॉप सुरू केला, की आतून टकटक आवाज येतो, पडदा बराच वेळ काळाच राहतो आणि शेवटी कुणीतरी म्हणते, "द्या आता भंगारात!" पण पुष्कळदा सारे यंत्र बिघडलेले नसते, थकलेली असते ती हार्ड डिस्क. तिच्यातील चकती मिनिटाला ४,२०० किंवा ५,४०० फेरे घेते. तिच्यापासून अगदी सूक्ष्म अंतरावर वाचन-लेखन करणारे टोक सरकत असते. जोराचा धक्का बसला, की ते चकतीवर घासते आणि लग्नाचे फोटो, घरचे हिशेब एका क्षणात जातात.

फ्लॅश स्मृतीत असे फिरणारे काहीच नसते. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. १९९४ मध्ये सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणले. ते जुन्या आयडीई हार्ड डिस्कप्रमाणेच संगणकाशी बोलू शकते. त्यामुळे ४४ पिनांच्या छोट्या अ‍ॅडॅप्टरवर बसवले, की लॅपटॉपला ते डिस्कच वाटते.

बंगळुरूला ही कल्पना नवी नाही. तेथील भारतीय विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे अभियंते यांनी घडवलेल्या हातात मावणाऱ्या 'सिम्प्युटर'मध्ये हार्ड डिस्क नव्हतीच. साठवण फ्लॅशवर होती. गावात एकच यंत्र असावे आणि प्रत्येकाने आपले स्मार्ट कार्ड घालून ते वापरावे, असा विचार त्यामागे होता. २००४ मध्ये तो बाजारात आला. अपेक्षेइतका खपला मात्र नाही.

आज असा बदल करायचा, तर शहरातील एस. पी. रोडसारख्या सुट्या भागांच्या बाजारात चौकशी करावी. त्याआधी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डिस्क आवाज करू लागली, की यंत्र पुन्हापुन्हा सुरू करू नये. आधी महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. जोडणी तपासावी. साटा जोडणीच्या नंतरच्या लॅपटॉपला तयार एसएसडीच बरी. कार्डावर ठरावीक वेळाच लिहिता येते, म्हणून हलकी कार्यप्रणाली घालावी. विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती २०१४ मध्येच थांबली. असे यंत्र इंटरनेटला जोडू नये.

मुलांना टंकलेखन शिकवायला, आजोबांना आठवणी लिहायला असा लॅपटॉप पुरेसा आहे. पण कार्डही कधीतरी बिघडतेच. घरच्या फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी असू द्यावी.