जेथे सूर्य मावळत नाही, तेथील एकादशी

आषाढी जवळ आली की कीर्तनास बसणारी मंडळी आम्हांस पारण्याची वेळ विचारतात. पंचांग उघडले की उत्तर मिळते. परंतु २०२५ साली आमच्या एका नित्य श्रोत्यांच्या कन्येने नॉर्वेतील ट्रॉम्सो येथून दूरध्वनीवर केलेल्या प्रश्नाने आम्हांस पोथ्या पुन्हा काढावयास लावल्या. "बुवा, द्वादशीस सूर्योदयानंतर पारणे फेडावे म्हणता. येथे सूर्य मावळतच नाही. उदय कोणता धरू?"

ट्रॉम्सो ६९ अंश ३९ कला उत्तर अक्षांशावर आहे. साधारण २० मेपासून २२ जुलैपर्यंत तेथे सूर्य क्षितिजाखाली जात नाही. म्हणून तेथे कडक ऊन पडत असेल अशी कल्पना कोणी करू नये. जुलैचे सरासरी तापमान अवघे १२ अंश सेल्सिअस. सूर्य अहोरात्र दिसला तरी त्याचे किरण तिरपे. एखादा दिवस २५ अंशांचा उबदार, तर दुसऱ्या दिवशी बोचरा वारा व पाऊस. त्या मुलीने तुळस खिडकीच्या आत ठेविली आहे आणि झोपण्यासाठी जाड पडदे लाविले आहेत.

घड्याळाचीही मौज आहे. उन्हाळ्यात तेथे घड्याळ एक तास पुढे करतात. म्हणून ते आपल्यामागे साडेतीन तास असते, हिवाळ्यात साडेचार. तरीही घड्याळातील बारा म्हणजे खरी मध्यरात्र नव्हे. सूर्य उत्तरेस सर्वांत खाली येतो तो पाऊण वाजण्याच्या सुमारास. तेव्हा पंढरीत पहाटेचे सव्वाचार झालेले असतात, आणि तिकडे मध्यरात्री सूर्य क्षितिजावर दोन अंश उभा!

हे आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हते असे नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात ६६ अंशांपलीकडील अशा अखंड दिवसाचे गणित सांगितले आहे. तो प्रदेश डोळ्यांनी न पाहता, केवळ गोलाच्या ज्ञानाने! लोकमान्यांनी १९०३ साली वेदांतील दीर्घ उषेवरून आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाकडे कल्पिले. तो सिद्धांत विद्वानांत सर्वमान्य झाला नाही. त्या वादात आज शिरावयाचे नाही.

आता प्रश्नाचे उत्तर. तिथी ही सूर्यचंद्रांतील बारा अंशांच्या अंतराने ठरते. ती सर्व पृथ्वीवर एकाच क्षणी पालटते. ६ जुलै २०२५ रोजी एकादशी आपल्याकडे रात्री सुमारे सव्वानऊला संपली; त्याच क्षणी ट्रॉम्सोत पावणेसहा वाजले होते. मग द्वादशी लागली म्हणून त्याच सायंकाळी जेवावे काय? आमचे मत, नाही. व्रत अहोरात्राचे आहे. उदय नसेल तेथे दिवस मध्यरात्रीपासून मोजावा. अर्धरात्रीपासून दिनगणना करण्याचा पक्ष आपल्या ज्योतिषात प्राचीन आहे. म्हणून सूर्य उत्तरेस सर्वांत खाली येऊन पुन्हा चढू लागला की तेथला नवा दिवस. जवळच्या, उदय होणाऱ्या गावाची वेळ घ्यावी असेही कोणी म्हणतील. त्यांच्याशी आमचा तंटा नाही.

तिने ७ जुलैच्या सकाळी तुळशीपत्र मुखी घालून पारणे फेडले. खिडकीबाहेर तेव्हा पाऊस होता, असे तिने मागाहून कळविले. २०२६ ची आषाढी २५ जुलैची आहे. तोवर तेथे सूर्य थोडा वेळ मावळू लागतो, आणि मध्यरात्र उलटल्यावर लवकरच उदयही सापडतो.