टॉवर मुका होण्याआधी

पावसाळ्यात कोकणातल्या गावात लाइट गेली, तरी मोबाइलची रेंज लगेच जात नाही. काही तास सगळे सुरळीत चालते. मग अचानक फोन दूरच्या कुठल्यातरी टॉवरचा क्षीण सिग्नल पकडून एकच दांडी दाखवू लागतो, किंवा तीही नाहीशी होते. ‘कंपनीवाल्यांनी बंद केला,’ असे लोक म्हणतात. बहुतेक वेळा कोणी काही बंद केलेले नसते. टॉवरच्या पायथ्याशी असलेली बॅटरी संपलेली असते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगडात विजेचे खांब आडवे झाले, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली आणि मोबाइल सेवाही कोलमडली. अशा वेळी छताचा पत्रा लागून कोणी जखमी झाले, तर १०८ला फोन करायचा कसा, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. टॉवरचा सांगाडा ताठ उभा असून भागत नाही. खालच्या यंत्रांना वीज लागतेच.

ही यंत्रे ४८ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. त्यासाठी दोन व्होल्टचे २४ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. महावितरणची वीज असताना ही बॅटरी साधारण ५४ व्होल्टवर भरलेली राहते. वीज गेली की भार तिच्यावर येतो, व्होल्टेज उतरत जाते आणि ४३च्या आसपास आले की बॅटरी कायमची खराब होऊ नये म्हणून यंत्रणा आपोआप तुटते. ६०० अँपिअर-तासांची बॅटरी ६० अँपिअरच्या भाराला कागदावर १० तास पुरते. कागदावर, कारण लेड-ॲसिड बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. २५ अंशांच्या वर सतत १० अंश जास्त तापमान राहिले की तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ते किती उरत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

म्हणून डोंगरावरच्या, निर्मनुष्य खोलीत छोटे संवेदक बसवतात. वीज आहे की नाही, बॅटरीचे व्होल्टेज आणि प्रवाह किती, खोलीचे तापमान आणि दमटपणा किती, जनरेटर चालू आहे का, टाकीत डिझेल किती, दार उघडले का, धूर आहे का, हे सारे शेकडो किलोमीटर दूरच्या नियंत्रण कक्षात दिसते. जनरेटर बंद असताना डिझेलची पातळी झरझर उतरली, तर ते इंजिनाने प्यायलेले नाही, हे तिथे बसलेल्याला कळते. डिझेलचोरी हा या धंद्यातला जुनाच आजार आहे.

पण आकडे फसवतातही. बाहेरून वीज सुरू असताना म्हातारी बॅटरीही ५४ व्होल्ट छान दाखवते. खरी ताकद भार दिल्यावरच कळते. त्यामुळे पावसाळ्याआधी मुद्दाम मुख्य वीज तोडून बॅटरी किती वेळ टिकते ते पाहिले जाते. ही चाचणी कंटाळवाणी असते, पण तिच्यावर वेळ वाचवणे महागात पडते. तापमानाचा संवेदक एसीच्या झोतासमोर लावला, तर खोली तापलेली असतानाही तो गारवाच सांगतो. शिवाय वीज गेली की एसीही बंद पडतो. म्हणजे बॅटरीत जीव शिल्लक असतानाही यंत्रे उष्णतेने बंद पडू शकतात. आणि कोकणातली खारी हवा जोडांवर गंज चढवते. सैल, गंजलेला जोड तापू लागतो. तो खोलीच्या सरासरी तापमानात दिसत नाही, तिथे माणसाचा हात आणि पाना लागतो.

वादळाच्या रात्री वेगळीच अडचण उभी राहते. एकाच वेळी शेकडो टॉवरकडून ‘वीज गेली’चे इशारे येतात आणि पडदा लाल होतो. त्यात महत्त्वाचा कोणता? डोंगरमाथ्यावरचा एखादा टॉवर पलीकडच्या अनेक गावांचा संदेश मायक्रोवेव्हने पुढे पोचवत असतो. तो गेला की बाकीचे वीज असूनही गायब होतात. डिझेलची गाडी एकच आणि रस्ते दरडींनी अडलेले असतील, तर आधी तिकडे जावे लागते. मग ग्रामीण रुग्णालयाजवळच्या टॉवरकडे. कोणाची बॅटरी किती तासांत संपेल, हे आधीच दिसत असेल तरच हा क्रम ठरवता येतो.

आणखी एक पेच उरतो. निरीक्षणाची माहितीही बहुधा त्याच जाळ्यावरून येते. जाळे तुटले की इशाराही येत नाही. काही उपकरणे वीज जाताना साठवलेल्या किंचित ऊर्जेवर ‘मी चाललो’ असा शेवटचा संदेश पाठवतात. तोही न आल्यास ठरावीक मिनिटांची शांतता हाच इशारा धरतात आणि पायथ्याच्या गावातल्या तंत्रज्ञाला फोन करतात. तो फोन लागला नाही, तर दुचाकीवरून कोणाला तरी निघावे लागते.