विट्याहून बोटीवर : बॅगेत काय, घरी काय

गुहागर-विजापूर महामार्ग विट्यातून जातो. गाडी पश्चिमेला वळवली की कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण करत हा रस्ता थेट समुद्रावर जाऊन संपतो. पण विटा ज्यात येतं त्या खानापूर तालुक्यानं समुद्राचा विचार क्वचितच केला. इथे पिढ्यान् पिढ्या पाणी म्हणजे टँकर, विहिरीचा तळ आणि आता टेंभू योजनेतून उचलून आणलेलं कृष्णेचं पाणी. माणसं मात्र इथली बाहेर पडली ती पार देशाच्या टोकापर्यंत. सोनं-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक कोची, कोइमतूर, कोलकाता, दिल्ली असे सगळीकडे पसरले. त्यामुळे प्रवासाची बॅग भरणं हे विट्याच्या घरांना नवं नाही. नवीन आहे ती बोट.

क्रूझचे बेत आता या घरांतूनही होऊ लागलेत. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करणारी कॉर्डेलिया कंपनी सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. तिचं 'एम्प्रेस' जहाज १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' नावानं फ्रान्समध्ये बांधलं गेलं. २०२५ मध्ये मुंबईच्या इंदिरा डॉकवर नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही सुरू झालं. ज्यांचं बजेट मोठं आहे ते सिंगापूर किंवा दुबई गाठून तिथून बोट धरतात. तिकीट काढलं की घरात पहिला प्रश्न येतो, सोबत न्यायचं काय? आणि इथेच गडबड होते. आपण लग्नाला किंवा काशीयात्रेला निघाल्यासारखी बॅग भरतो. चार जास्तीचे कपडे, डबाभर चिवडा, चहाची किटली, इस्त्री. यातलं निम्मं सामान बोटीच्या दारातच काढून घेतलं जातं.

मराठी माणसाला बोट अगदीच परकी नव्हती, हेही खरं. मुंबई-गोवा मार्गावरच्या कोकण बोटींतून हजारो चाकरमानी ये-जा करत. पत्र्याची ट्रंक, वळकटी, पाण्याचा तांब्या घेऊन डेकवर जागा धरायची. मालवण-वेंगुर्ल्याकडे बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागायचे. त्या प्रवासात अंथरूण-पांघरूण स्वतःचं न्यावं लागे, कारण बोट फक्त पोचवायची. क्रूझचं गणित उलटं आहे. जेवण, गादी, टॉवेल, साबण, करमणूक सगळं जहाज देतं. म्हणून बॅगेत जहाज देत नाही तेच हवं, आणि जहाज चालवून घेत नाही ते अजिबात नको.

सुरुवात कागदपत्रांपासून. देशातल्या देशात जायचं असलं तरी मूळ ओळखपत्र लागतं. झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो पुरेल या भरवशावर राहू नये. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. गलाईच्या निमित्तानं दक्षिणेत वाढलेल्या कुटुंबांनी हे जरा जास्तच बघावं. तिकडच्या शाळेत नाव लावताना आडनावाऐवजी बापाच्या नावाचं आद्याक्षर लागतं, इकडे आधारवर पूर्ण नाव असतं, आणि लग्नानंतर सुनेचं तिसरंच काहीतरी झालेलं असतं. पासपोर्ट लागणारी सफर असेल तर तो परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालू असावा. दुबई-सिंगापूरच्या बोटींवर आणि बंदरांवर कोणता व्हिसा लागतो, पुन्हा त्याच देशात उतरायचं म्हणून एकापेक्षा जास्त प्रवेशाचा व्हिसा लागतो का, हे पैसे भरायच्या आधी विचारायचं.

मग मुंबई गाठणं. बोट दुपारी किंवा संध्याकाळी सुटणार म्हणून पहाटे विट्यातून गाडी काढणं हा शुद्ध जुगार आहे. खंबाटकी, पुणे, लोणावळा, मग मुंबईचं ट्रॅफिक, यातलं एखादं जरी अडलं तरी गेलं. आणि बोट सुटायच्या बऱ्याच आधी चेक-इन बंद होतं. आदल्या रात्री किर्लोस्करवाडी किंवा कराडहून महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली की सकाळी थेट सीएसएमटी. तिथून बॅलार्ड इस्टेटचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीनं काही मिनिटांवर. मधले तास सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवता येतं. त्यासाठी रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप असावं लागतं. साधं पितळी कुलूप, पण ऐन वेळी स्टेशनबाहेर शोधत फिरावं लागतं.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा आपल्या हातातून जातात. त्यांची तपासणी होते आणि त्या खोलीपाशी पोचायला कधी कधी संध्याकाळ होते. हे माहीत नसलेली माणसं पहिला अर्धा दिवस घामेजलेल्या प्रवासी कपड्यांत काढतात. पोरं तलावाकडे पळतात आणि पोहायचे कपडे असतात कुठल्या तरी ट्रॉलीवर. म्हणून खांद्याला एक छोटी पिशवी वेगळी हवी. तिच्यात कागदपत्रं, औषधं, चष्मा, चार्जर, पोरांचा एक जोड, पोहायचा पोशाख. सुती कपडे घालून तलावात उतरू देत नाहीत, नायलॉनचेच लागतात. बायकांसाठी पूर्ण अंगभर मिळतात, ते विट्यात नाही तर सांगली-कोल्हापुरात आधीच घ्यावेत.

बोट सुटण्यापूर्वी सगळ्यांना बोलावून जीवनरक्षक जाकीट कसं घालायचं, संकटात कुठे जमायचं हे सांगतात. अनेकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्यालगत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. तिच्यावर नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची ही कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला आणि कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं सक्तीचं झालं. आपल्याकडे तर १७ जुलै १९४७ चा 'रामदास' बोटीचा अपघात आहे. मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट गटारी अमावास्येच्या दिवशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सेल्फी नंतर काढता येतो.

आता काढून घेतल्या जाणाऱ्या वस्तू. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड, मेणबत्ती, कापूर-उदबत्ती, सुरी. पानाचा शौक असलेल्यांचा अडकित्ताही अडकू शकतो. भर समुद्रात अग्निशमन दल येत नसतं, त्यामुळे आगीच्या बाबतीत जहाजवाले कोणाचं ऐकत नाहीत. २३ मार्च २००६ ला जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस' जहाजावर आग लागून कित्येक खोल्या जळाल्या. एका बाल्कनीत पडलेलं सिगारेटचं थोटूक हे तिचं संभाव्य कारण ठरलं. देवपूजा चुकवायची नसेल तर छोटी तसबीर न्यावी, ज्योत मनातच लावावी.

लोकांना सगळ्यात चकवतो तो एक्स्टेन्शन बोर्ड. खोलीत प्लग मोजके, घरात मोबाईल पाच, म्हणून बोर्ड नेला जातो आणि जप्त होतो. त्यामागे कारण आहे. आपल्या घरी एका तारेत वीज असते आणि दुसरी न्यूट्रल जमिनीशी जोडलेली असते. जहाजावर बहुधा दोन्ही तारा जिवंत असतात, कुठलीच लोखंडी सांगाड्याशी थेट जोडलेली नसते. सर्ज प्रोटेक्टर लावलेला बोर्ड घरच्या अर्थिंगच्या हिशेबानं बनवलेला असतो. जहाजाच्या यंत्रणेत तो तापून पेट घेऊ शकतो. त्याऐवजी तीन-चार यूएसबी केबल एकाच वेळी चालतील असा साधा चार्जर आणि परदेशी प्लगला चालेल असा अडॅप्टर न्यावा.

आणि खरोखर उपयोगी पडणारी वस्तू कुठली म्हणाल, तर लोहचुंबकाचे हूक. खोलीच्या भिंती बहुतेक जहाजांवर पत्र्याच्या असतात, पण टांगायला खुंटी नसते. आतल्या बाजूच्या खोल्या लहान, त्यात चौघांचं बिऱ्हाड. चार-सहा मजबूत चुंबकी हूक भिंतीला चिकटवले की टोपी, पिशवी, ओले कपडे, गळ्यातलं कार्ड सगळ्याला जागा होते. सोबत डझनभर चिमटे आणि एक नायलॉनची दोरी, न्हाणीघरात बांधण्यापुरती. बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, वारा ते थेट अरबी समुद्राला अर्पण करतो.

खोलीची किल्ली म्हणजे एक कार्ड. दार तेच उघडतं, बोटीवरचा खर्च त्याच्यावरच लागतो, बंदरात उतरता-चढताना तेच दाखवायचं. गळ्यात अडकवायची फीत आणि प्लास्टिकचं पाकीट कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं; शाळेतल्या पोराची जुनी फीतही चालते.

बोट लागण्याची भीती सगळ्यांना असते. कुंभार्ली घाटात ज्याला गाडी लागते त्यानं तयारीनं जावं. खोलीत बसलं की डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, पण कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण हलतोय. या भांडणात पोट बिघडतं. म्हणून मळमळू लागलं की खोलीत पडून मोबाईल बघण्यापेक्षा मोकळ्या डेकवर येऊन क्षितिजाकडे नजर लावावी. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात, तेव्हा खोली निवडतानाच याचा विचार करावा. गोळी घ्यायची तर मळमळण्याच्या आधी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्यातल्या काही चालत नाहीत, म्हणून आपल्या डॉक्टरला विचारूनच घ्याव्यात. आलेपाक आणि सुंठ मात्र बिनधास्त न्यावी, बंद पाकिटातली. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. अशाच दिवसांत, २०२२ च्या जूनमध्ये, 'एम्प्रेस'नं पूर्व किनाऱ्यावरच्या चेन्नईहून फेऱ्या सुरू केल्या. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत पश्चिम किनारा त्या मानानं शांत.

रोजची औषधं मोजून नेऊ नयेत, दोन-तीन दिवसांची जास्त असावीत, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी ऐकून रक्तदाब वाढतो. परदेशी सफरीला प्रवास विमा म्हणूनच काढायचा.

खाण्याचा विषय नाजूक. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. भारतीय जहाजांवर शाकाहारी, अगदी जैन जेवणही मिळतं, तेव्हा पुरणपोळ्यांची चळत नेण्याचं कारण नाही. परदेशी बंदरांचं प्रकरण मात्र वेगळं. दुबईच्या सफरी थंडीत, म्हणजे नेमक्या दिवाळीच्या सुट्टीला लागून. फराळाच्या डब्यात अनारसे असतात आणि अनारशावर खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते, ती नेणं गुन्हा आहे. सिंगापुरातही तिच्यावर कडक निर्बंध आहेत आणि चघळायच्या तंबाखूला तर तिथे पूर्ण बंदी. सांगली-साताऱ्याकडच्या सदऱ्याच्या खिशात काय असतं हे सर्वांना ठाऊक आहे. विमानतळावर निघण्याआधी खिसे उलटे करावेत.

राहिलं सोनं, आणि विट्याच्या माणसाला त्याबद्दल सांगायला धाडस लागतं. तरी तलावातल्या पाण्यात क्लोरीन असतं. चोख सोन्याला ते काही करत नाही, पण दागिन्यात मिसळलेल्या तांब्या-चांदीला आणि डाक दिलेल्या सांध्याला ते हळूहळू खातं. लाटेत तुटलेलं मंगळसूत्र पुन्हा सापडत नाही. खोलीत तिजोरी असते, पण चार दिवसांच्या सहलीला एखादी साधी माळ पुष्कळ झाली. परदेशी जाताना मोलाचे दागिने अंगावर न्यायचेच असतील तर निघताना कस्टमकडून त्यांची नोंद करून दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ते तिकडे विकत घेतल्याचा संशय येत नाही.

बाकी बारीकसारीक. एसी बोचरा असतो, शाल किंवा स्वेटर हवा. ओल्या डेकवर न घसरणारी चप्पल आणि हनुवटीखाली बांधता येणारी टोपी. लक्षद्वीपला जहाज बाहेर उभं राहतं आणि बेटावर लहान होड्यांतून नेतात, तेव्हा मोबाईलसाठी जलरोधक पाकीट उपयोगी. भर समुद्रात मोबाईल विमान मोडवर ठेवावा; जहाजाचं उपग्रह नेटवर्क आपोआप पकडलं गेलं तर घरी आल्यावर बिल येतं. खिडकी नसलेल्या खोलीत दिवस-रात्र कळत नाही, म्हणून साधं मनगटी घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं. बंदरावर उशीर करणाऱ्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या उतरल्यावर टर्मिनलवरच मिळतात. तेव्हा सकाळचा एक जोड, चपला, औषधं आणि दात घासायचं सामान छोट्या पिशवीत काढून ठेवायचं. हे विसरून सगळं बॅगेत भरणारा कोणीतरी दर फेरीला निघतोच, आणि मग तो रात्रीच्या पायजम्यातच मुंबईत उतरतो.