'वरळी' किती बाइटची? स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधल्या लांबीचा हिशेब

या व्हिडिओत आपण दुकानाच्या वॉरंटी कार्डासाठी छोटं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट पाहिलं. त्यातली एकच गोष्ट इथे नीट लिहून ठेवतो. ती चुकली, तर ग्राहकाचं मराठी नाव आत जातच नाही.

सॉलिडिटीत 'स्ट्रिंग'ची लांबी थेट विचारता येत नाही. आधी तिला 'बाइट्स' करायचं, मग 'लेंथ' विचारायची. येणारा आकडा अक्षरांचा नसतो, बाइटचा असतो. गोम इथेच आहे.

इंग्रजी अक्षर १ बाइट घेतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. 'वरळी' म्हणजे व, र, ळ आणि वेलांटी: ४ चिन्हं, १२ बाइट. 'क्ष' दिसायला एक, पण क, हलन्त आणि ष मिळून ९ बाइट!

आता पत्ता घ्या: 'वरळी कोळीवाडा'. १२, मधल्या जागेचा १ आणि २४, एकूण ३७ बाइट. इंग्रजीत हाच पत्ता १४ बाइटमध्ये बसतो. डेव्हलपरने इंग्रजी धरून '३२ पर्यंतच' अशी अट घातली असेल, तर व्यवहार रद्द होतो, वर गॅसचे पैसे जातात ते वेगळेच. आणि बदलाची सोय आधी ठेवली नसेल, तर चेनवर चढलेलं कॉन्ट्रॅक्ट दुरुस्तही करता येत नाही.

खर्चाचंही बघा. स्टोरेजचा एक कप्पा ३२ बाइटचा. ३१ बाइटपर्यंतचा मजकूर आणि त्याची लांबी एकाच कप्प्यात मावतात. त्यापुढे लांबीला एक कप्पा, मजकुराला वेगळे. म्हणजे आपल्या ३७ बाइटना तीन कप्पे. रिकामा कप्पा भरायला साधारण २०,००० गॅस लागतो. साठवणुकीचा खर्च जवळपास तिप्पट झाला की नाही?

मग करायचं काय?

१. मर्यादा ठरवताना अक्षरं नाही, चिन्हं मोजा. त्यांना तीनने गुणा, वर थोडी जागा सोडा.
२. लांब मजकूर चेनबाहेर ठेवा, चेनवर फक्त त्याचा हॅश. केच्चॅक-२५६ चा हॅश नेहमी ३२ बाइटचाच.
३. टेस्टनेटवर चाचणी मराठी नावांनीच करा.

हे आपल्यापासून लांबचं नाही बरं का. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉन ब्लॉकचेनवर नोंदवले गेले. उद्या तुमच्या दुकानाची पावतीही तिथे असेल.

आजचा गृहपाठ: आपल्या दुकानाचं नाव मराठीत लिहा आणि बाइट मोजा. ३१ च्या आत बसतंय का?