४३७ शितं आणि एक शहर

२३ जुलै १९६७ ची पहाट. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात बाराव्या रस्त्यावरच्या एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर पोलिसांनी धाड घातली. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या दोघा जवानांसाठी आत मेजवानी चालली होती. पोलिसांनी झाडून सगळ्यांना पकडलं, बाहेर गर्दी जमली, बाटल्या भिरकावल्या गेल्या आणि पुढचे पाच दिवस शहर जळत राहिलं. ४३ माणसं मेली. सात हजारांहून अधिक लोकांना अटक झाली.

आग विझल्यावर जो तो विचारू लागला, दंगल करणारे हे कृष्णवर्णीय लोक आहेत तरी कोण? उत्तरं तयारच होती. एक असं, की हे समाजाच्या तळाशी रुतलेले, शाळा अर्ध्यावर सुटलेले. आपलं म्हणणं मांडायला यांना दुसरी वाटच नाही. दुसरं असं, की हे दक्षिणेकडच्या राज्यांतून पोटासाठी आलेले. उत्तरेतलं शहरी जगणं यांना झेपलं नाही. दोन्ही उत्तरं सहज पटणारी. उचलून थेट अग्रलेखात घालावीत अशी.

फिलिप मायर या वार्ताहरांना ती तपासून पाहावीशी वाटली. ते नुकतेच हार्वर्ड विद्यापीठात एक वर्ष काढून आले होते. पत्रकारांना वर्षभर कामातून मोकळं करून हवं ते शिकू देणारी नीमन पाठ्यवृत्ती त्यांना मिळाली होती, आणि ते वर्ष त्यांनी समाजशास्त्रज्ञांची हत्यारं शिकण्यात घालवलं होतं: नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी बांधायची, उत्तरं कॉम्प्युटरला कशी भरवायची. दोन वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल झाली तेव्हा तिथल्या विद्यापीठाने वस्तीतल्या लोकांनाच विचारून तिचा अभ्यास केला होता, हेही त्यांना ठाऊक होतं. असल्या अभ्यासाला विद्यापीठात वर्षं लागतात. मायर आणि ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ हे वृत्तपत्र यांनी तो काही आठवड्यांत करायचं ठरवलं.

मिशिगन विद्यापीठाचे संशोधक मदतीला आले. मुलाखती घ्यायला कृष्णवर्णीय शाळाशिक्षकांना तयार केलं गेलं. दंगल झालेल्या भागांतल्या ४३७ कृष्णवर्णीय रहिवाशांना त्यांनी तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारले. दंगलीत आपणही होतो, असं त्यातल्या काहींनी स्वतःच सांगितलं. उत्तरं कॉम्प्युटरमधून बाहेर आली आणि दोन्ही तयार उत्तरं कोसळली. कॉलेजात गेलेले आणि शाळा सोडलेले, दोघांचंही दंगलीतलं प्रमाण सारखंच होतं. आणि दक्षिणेत वाढलेल्यांपेक्षा उत्तरेतच लहानाचे मोठे झालेले लोक दंगलीत असण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं. लोकांनी मांडलेल्या गाऱ्हाण्यांत पोलिसांची दांडगाई, दाटीवाटीची खुराडी आणि रोजगाराची वानवा ही वरची होती. त्या दंगलीच्या वार्तांकनाबद्दल पुढच्या वर्षी या वृत्तपत्राला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

मला या हकिकतीत सगळ्यात थक्क करतो तो ४३७ हा आकडा. लाखोंच्या शहराबद्दल बोलायला एवढी माणसं पुरतात कशी?

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. ती म्हण खरी ठरते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. कुठलंही शीत उचला, ते बाकीच्यांसारखंच निघणार. शहराचा भात असा एका आचेवर शिजत नाही. एका गल्लीत तो गिचका, दुसरीत टणटणीत. आणि बातमीदार बहुतेक वेळा वरचं शीत उचलतो: चौकातल्या टपरीवर भेटला तो, बोलका आहे तो, ज्याचा फोन लागला तो.

संशोधकांनी यावर काढलेला उपाय इतका साधा आहे, की तो सापडायला माणसाला विसावं शतक उजाडावं लागलं याचंच नवल वाटतं. शीत आपण निवडायचंच नाही. निवड चिठ्ठ्या टाकून व्हावी तशी व्हावी. कुठलं घर, घरातलं कोण, हे आधीच ठरलेलं असावं आणि मुलाखत घेणाऱ्याच्या मर्जीला तिथे वाव नसावा. असं केलं की गणित तुमच्या बाजूने उभं राहतं. ४३७ जणांच्या नमुन्यात टक्केवारी साधारण पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. चूक निम्म्यावर आणायची तर माणसं चौपट लागतात. पण शहर चार लाखांचं आहे की चाळीस लाखांचं, याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही! लग्नघरातल्या पिंपभर आमटीची चव बघायलाही पळीभरच पुरते. ती नीट ढवळलेली असली म्हणजे झालं.

मायर यांनी पुढे १९७३ मध्ये ‘प्रिसिजन जर्नलिझम’ हे पुस्तक लिहिलं, म्हणजे नेमकेपणाची पत्रकारिता. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये दंगली झाल्या, तेव्हा ‘गार्डियन’ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांनी डेट्रॉइटचाच कित्ता गिरवत दंगलखोरांच्या मुलाखती घेतल्या.

पण दर बातमीसाठी नवा अभ्यास कोण करणार? बातमीदाराच्या हाती बहुधा दुसऱ्याने केलेला अभ्यास येतो, तोही संध्याकाळी, पान लावायच्या घाईत. तिथे उपयोगी पडते ती शाळेत शिकलेली एक गोष्ट: अंशाखाली छेद असतो.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या पिढीच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ हा शब्द देशभर गेला. बायकांनी घाबरून गोळ्या थांबवल्या. मूळ आकडे काय होते? जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांमागे एकीला गुठळी होत असे. नव्या गोळ्यांनी दोघींना. ७,००० मध्ये एक बाई वाढली. ‘दुप्पट’ खरंच होतं, आणि ‘सात हजारांत एक जास्त’ हेही तितकंच खरं होतं. पण पहिल्या शब्दाने छेद झाकला गेला. त्यानंतरच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. जीव कळवळतो तो पुढच्या गोष्टीने: गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो.

अशा वेळी दोष बातमीदाराच्या माथी मारणं सोपं. पण कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २० नामवंत विद्यापीठांची २०११ सालची ४६२ प्रसिद्धिपत्रकं घेतली आणि प्रत्येकाशेजारी मूळ शोधनिबंध आणि छापून आलेल्या बातम्या ठेवल्या. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. ४० टक्के पत्रकांत वाचकाला दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा फुगवलेला होता. प्राण्यांवरचा प्रयोग माणसांना लागू करून टाकण्याची अतिशयोक्ती ३६ टक्के पत्रकांत होती. आणि जिथे पत्रकात ती होती, तिथे ८६ टक्के बातम्यांतही ती उतरली. पत्रक संयमाने लिहिलेलं असलं, तर अवघ्या १० टक्के बातम्यांत. म्हणजे पुष्कळ अतिशयोक्ती विद्यापीठाच्या दारातूनच बाहेर पडत होती. आणि फुगवलेल्या पत्रकांना बातम्यांत जास्त जागा मिळते, असा म्हणण्याजोगा पुरावाही सापडला नाही. सगळी फुगवाफुगवी फुकटच!

म्हणून मूळ निबंध उघडणारा बातमीदार मला मोलाचा वाटतो. त्याने विचारायचे प्रश्न चार-पाचच. अभ्यास किती जणांवर झाला? माणसांवर की उंदरांवर? ‘वाढलं’ ते कशाच्या तुलनेत, आणि मुळात किती होतं? पैसा कुणाचा? याआधीचे अभ्यास काय सांगतात? हे प्रश्न विचारायला हात देणारी माणसंही आता आहेत. लंडनचं सायन्स मीडिया सेंटर २००२ पासून पत्रकारांना त्या त्या विषयाचे तज्ज्ञ वेळेत गाठून देतं. हार्वर्डमधला ‘द जर्नलिस्ट्स रिसोर्स’ हा उपक्रम चालू विषयांवरचं संशोधन वाचून ते पत्रकारांसाठी साध्या भाषेत मांडतो.

आपल्या मातीत हे काम किती दूर जाऊ शकतं, याचा दाखला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या मोजणीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा जाडजूड अहवाल काढतो. त्यात व्यवसायनिहाय तक्ता असतो आणि त्या तक्त्यात शेतीचा रकाना. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजचे अर्थतज्ज्ञ के. नागराज यांनी तो रकाना वर्षामागून वर्ष, राज्यामागून राज्य वाचत नेला आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी तो ‘द हिंदू’मधून लोकांसमोर ठेवला. १९९७ ते २००७ या काळात १,८२,९३६ शेतकऱ्यांच्या आत्महत्या. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश मोजक्या पाच राज्यांत, आणि त्यांत महाराष्ट्र अग्रभागी. साईनाथ गावोगाव फिरून घरांची दुःखं लिहीतच होते. पण एका ओसरीवरचं दुःख आणि तक्त्यातली ओळ शेजारी-शेजारी आली, तेव्हा ‘तुरळक घटना आहेत’ असं म्हणायची सोय उरली नाही.

इतका मोठा आकडाही कमीच भरतो, हे या दोघांनी दाखवून दिलं. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर जमीन क्वचितच असते. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून ती मेल्यावर तिची नोंद होते ती बाईची आत्महत्या म्हणून, शेतकऱ्याची म्हणून होत नाही. आयुष्यभर तिने पेरलं, निंदलं, वेचलं. शेतकरी म्हणून मोजायची वेळ आली तेव्हा तेवढी ती गळाली.

शितावरून भाताची परीक्षा करताना आपण हातातलं शीत निरखून बघतो. संशोधक आणि बातमीदार एकत्र बसले, की त्यांची नजर पातेल्याबाहेरही जाते, जे शीत आत पडलंच नाही त्याच्याकडे.