मुक्त कार्यप्रणाली आणि तिचे चाहते

१४ ऑक्टोबर २०२५ ह्या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' ह्या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. त्या दिवशीं घरोघरचे संगणक पूर्वींसारखेच सुरू झाले, त्यांवर पत्रें लिहिलीं गेलीं, मुलांनीं अभ्यास केला. बिघडलें असें कांहींच नाहीं. परंतु ह्यापुढें त्या प्रणालींत एकादें भगदाड सांपडल्यास तें आपण होऊन बुजविण्याची जबाबदारी कंपनीवर राहिली नाहीं. नांव नोंदवील त्याला एका वर्षाची वाढीव मुदत, एवढीच काय ती सवलत. नवी 'विंडोज ११' घ्यावी, तर ती पुष्कळशा जुन्या यंत्रांना चालत नाहीं. टी. पी. एम. २.० नांवाचा सुरक्षेचा भाग आणि नव्या पिढीचा प्रोसेसर तिला लागतो. यंत्र धडधाकट, मालक समाधानी, आणि तरीहि यंत्र मोडींत काढण्याची पाळी! अशा वेळीं जे लोक लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीकडे वळतात, त्यांना केवळ चार पैसे वांचवावयाचे असतात, ही समजूत अपुरी आहे.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाच्या घरांतील कारभारी. कळ दाबली कीं अक्षर पडद्यावर नेणें, कोणता कागद साठवणींत कोठें ठेवला ह्याची नोंद राखणें, एकाच वेळीं चाललेल्या दहा कामांना यंत्राचा वेळ वांटून देणें, हा सारा व्यवहार तिच्याकडे असतो. ही प्रणाली प्रथम माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत लिहिली जाते. त्या लिखाणाला मूळ संहिता म्हणावें. नंतर यंत्राला समजेल अशा आंकड्यांत तिचें रूपांतर होतें, आणि गिऱ्हाइकाच्या हातीं बहुधा हें रूपांतरच पडतें. बाजारांतून तयार भाजणी आणली तर थालिपीठ उत्तम होईल. परंतु पिठाकडे पाहून त्यांत धने किती आणि उडीद किती हें सांगतां येणार नाहीं, आणि घरांतील कोणाला एकादें धान्य सोसत नसेल तर तें वगळतांहि येणार नाहीं. मालकीच्या प्रणालीचें असेंच आहे. मुक्त प्रणालींत भाजणीबरोबर तिचें प्रमाणहि मिळतें, आणि तें बदलण्याची व शेजारणीला देण्याची मोकळीकहि.

ह्या मोकळिकीच्या आग्रहाची हकीकत एका छपाईयंत्रापासून सुरू होते. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेला १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीकडून एक लेझर छपाईयंत्र भेट मिळालें. यंत्र जलद होतें, परंतु त्यांत कागद वारंवार अडकत असे. आधींच्या यंत्राच्या वेळीं रिचर्ड स्टॉलमन ह्या तरुणानें अशा अडचणीवर तोड काढली होती. कागद अडकला कीं छपाईची वाट पाहणाऱ्या सर्वांच्या पडद्यावर तशी सूचना उमटावी, एवढा फेरफार त्यानें संहितेंत करून ठेवला होता. नव्या यंत्राची संहिता मात्र कोणाला मिळालीच नव्हती. ती कार्नेजी मेलन विद्यापीठांतील एका संशोधकापाशीं आहे असें कळल्यावर स्टॉलमन त्याला जाऊन भेटला. गुप्ततेचें वचन दिलें असल्याचें सांगून त्यानें नकार दिला. नादुरुस्त यंत्रापेक्षां हा नकार स्टॉलमनला अधिक झोंबला.

सप्टेंबर १९८३ मध्यें त्यानें 'ग्नू' नांवाची संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ मध्यें तिच्यासाठीं एक सर्वसाधारण परवाना तयार केला. संहिता वापरा, तपासा, बदला, वांटा. मात्र बदललेली प्रणाली दुसऱ्यास द्याल, तर तिची संहिताहि ह्याच अटींवर द्या, अशी त्याची मेख आहे. कायद्यानें लेखकाला दिलेला स्वामित्वहक्क वापरणाऱ्याची मोकळीक राखण्यासाठीं राबवावा, ही युक्ति दाद देण्याजोगी खरी. इंग्रजींत मुक्त आणि फुकट ह्या दोहोंना एकच शब्द असल्यामुळें स्टॉलमनला वर्षानुवर्षें खुलासे करावे लागले. मराठीला ती अडचण नाहीं.

ग्नूचा गाभा तेवढा रेंगाळला, आणि तो आला फिनलंडमधून. ऑगस्ट १९९१ मध्यें हेलसिंकी येथील लिनस टोर्वाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचें कळविलें. १९९२ मध्यें त्यानें ती ग्नूच्या परवान्याखालीं आणली. तीच लिनक्स. जगांतील सर्वांत वेगवान पांचशें संगणकांची जी यादी निघते, तींतील झाडून सारे संगणक नोव्हेंबर २०१७ मध्यें लिनक्सवर चालत होते. अँड्रॉइड फोनच्या मुळाशींहि हाच गाभा आहे.

घरगुती वापरणाऱ्याला संहिता वाचतां येत नाहीं. मग त्याला लाभ कोणता? तो ज्याला वाचतां येते अशा कोणाहि जाणत्याकडे जाऊं शकतो, एका कंपनीच्या दारांत त्याला तिष्ठावें लागत नाहीं. यंत्र जुनें असेल तर त्याला पेलेल अशी हलकी प्रणाली निवडतां येते. डेबियन ही लिनक्सची एक प्रसिद्ध आवृत्ति. ती संगणकावर बसवितांना मराठीतून सूचना घेतां येतात, आणि त्या मराठींत आणण्यासाठीं कोणाची परवानगी काढावी लागली नाहीं. मालकीच्या प्रणालींनींहि मराठी दिली आहे, परंतु ती त्यांच्या सवडीनें.

उघडी संहिता म्हणजे निर्धोक संहिता, असें मात्र समजूं नये. जिया टॅन हें नांव धारण करणाऱ्या एका इसमानें दोन वर्षांहून अधिक काळ इमानें काम करून विश्वास संपादन केला आणि 'एक्स-झेड' नांवाच्या, पुष्कळ लिनक्स आवृत्त्यांत असणाऱ्या साहित्यांत चोरवाट घुसडली. मार्च २०२४ मध्यें आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला. त्याचा माग काढीत तो चोरवाटेपर्यंत पोंचला. हा अभियंता मायक्रोसॉफ्टचा नोकर होता, हा एक योगायोग! संहिता उघडी होती म्हणून चोर आंत शिरला, आणि ती उघडी होती म्हणूनच बाहेरच्या माणसाला त्याचा छडा लावतां आला.

अडचणीहि खऱ्या आहेत. म्यूनिक नगरपालिकेनें २००३ मध्यें लिनक्सचा निर्णय घेऊन हजारों संगणक बदलले आणि २०१७ मध्यें विंडोजकडे परतण्याचें ठरविलें. ॲडोबीचें फोटोशॉप लिनक्ससाठीं निघत नाहीं, आणि एकादें उपकरण तिच्याशीं जुळवून घेत नाहीं. म्हणून जाणती मंडळी आधीं प्रणाली पेनड्राइव्हवर घेतात आणि संगणक त्यावरून सुरू करतात. छपाईयंत्र चालतें कीं नाहीं, मराठी अक्षरें नीट उमटतात कीं नाहीं, तें पाहून घेतात. पसंत न पडल्यास पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हां सुरू केलें कीं जुनी प्रणाली होती तशी समोर येते.