नोकरीच्या वाटेवरचे थकलेले हप्ते

कोल्हापुरातल्या अभ्यासिकांमध्ये आज बँक, पोलीस भरती, तलाठी, रेल्वे अशा परीक्षांची तयारी करणारी आपली मुलेही दिसतात, मुलीही दिसतात. आम्हा शिक्षकांना याचा आनंद आहे. गणित, इंग्रजी, चालू घडामोडी त्यांना शिकवल्या जातात. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. काही नोकऱ्यांत निवड झाल्यावरही उमेदवाराने आपले कर्ज कसे फेडले, हे पाहिले जाते.

भारतीय स्टेट बँकेने 2020 मध्ये अधिकारीपदासाठी जाहिरात काढली. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी नोंदलेला उमेदवार पात्र ठरणार नाही, अशी अट त्यात होती. एका उमेदवाराची निवड झाली, 2021 मध्ये नेमणुकीचे पत्र मिळाले आणि सिबिल अहवालातील जुन्या नोंदींमुळे ती नेमणूक रद्द झाली. कर्ज आता फेडले आहे, असे त्याने मद्रास उच्च न्यायालयात सांगितले. जून 2025 मध्ये न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याने स्वतःच्या पैशाच्या व्यवहारात शिस्त पाळलेली असावी, हा बँकेचा मुद्दा मान्य झाला.

इतर सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसने 2023 च्या जाहिरातीत रुजू होताना किमान 650 सिबिल गुणांची अट घातली होती. पुढे हा आकडा गेला, पण कर्जफेडीचा इतिहास चांगला असावा ही अपेक्षा राहिली. म्हणून जाहिरातीतली बारीक अक्षरे वाचायलाच हवीत.

सरकारी खात्यांत अशी गुणांची अट सहसा नसते. तरी कर्जाचा प्रश्न तिथेही येतो. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतील नियम 17 सांगतो की कर्मचाऱ्याने सततचे कर्जबाजारीपण टाळावे आणि कर्जवसुलीचा दावा झाला तर तो लगेच वरिष्ठांना कळवावा. कर्ज उधळपट्टीने झाले की आजारपणासारख्या हाताबाहेरच्या कारणाने, हा फरक हा नियम मानतो. मात्र ते सिद्ध करण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावरच असते.

पोलीस भरतीला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. हप्त्यासाठी दिलेला चेक परत गेला आणि कलम 138 खाली खटला झाला, तर तो फौजदारी खटला असतो. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात खटल्यांची माहिती विचारतात. ती खरी द्यावी. माहिती लपवली तर नेमणूक रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आता घराघरांतली स्थिती पाहू. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा हप्त्यावर मोबाईल घेतो, ॲपवरून पाच हजार उचलतो, मित्राच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहतो. रक्कम लहान, म्हणून वालिदैनना सांगत नाही. हप्ते थकले की नोंद त्याच्या नावावर जाते. मित्राने हप्ते चुकवले तरी जामीनदाराचे नाव खराब होते.

उपाय अवघड नाहीत. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. परीक्षेचा अर्ज भरण्याआधी तो पाहावा. चुकीची नोंद असेल तर लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत ती निकालात निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. कर्ज फिटल्यावर 'काही देणे नाही' असा दाखला घेऊन जपून ठेवावा. तडजोडीत कमी रक्कम भरून खाते बंद केले, तर अहवालात ते 'सेटल्ड' दिसते आणि ते पूर्ण फेडीइतके चांगले मानले जात नाही.

देण्याघेण्याचा करार लिहून ठेवा, अशी शिकवण सूरह बकरामध्ये आहे. आपण ती शेजाऱ्याच्या उसनवारीपुरती ठेवली. मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवून घेतलेले पाच हजारही कर्जच आहे. मुलाला रागावण्याआधी, त्याच्यावर किती देणे आहे हे प्रेमाने विचारा. भीती वाटली तर तो लपवेल, आणि लपवलेले देणे नेमणुकीच्या दिवशी समोर येईल.